मंत्रचळ आणि मूल



मंत्रचळ हा आपल्या भाषेतला जुना शब्द. पुनःपुन्हा हात धुणाऱ्या मुलाविषयी पेडणे-डिचोलीच्या घरांत तो बहुधा हसून उच्चारला जातो. सोवळ्याओवळ्याच्या घरात तर हे लक्षण शिस्त म्हणून खपते आणि वर्षे वाया जातात. सोवळे पाळणाऱ्याला समाधान लाभते. या मुलाला शंका सोडत नाही, हा भेद ओळखावा. मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरची केंद्रे यांना जोडणाऱ्या चक्रात ही शंका फिरत राहते, असे आजचे मेंदूविज्ञान मानते. काहींना शिवाय गणवेशाची शिवण बोचते, शिरगावच्या जत्रेतला ढोल असह्य होतो. त्याला हट्ट म्हणू नये.

१९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये रुग्णाला भीतीसमोर ठेवून धुणेपुसणे रोखण्याची पद्धत मांडली. मुलांना ती पायरीपायरीने देतात, गरजेनुसार औषधही. बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. तेथे जाण्यात लाज कसली?

पाचव्यांदा अक्षर खोडणाऱ्या मुलाला रागे भरण्याआधी शिक्षकांनी पालकांना बोलवावे. आणि ‘हात स्वच्छ आहेत ना?’ या प्रश्नाला आईने शंभरदा ‘हो’ म्हटल्याने शंका शमत नाही. उलट तिला बळ मिळते.