सरासरीआड दडलेली पेशी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते : पाऊस साऱ्या शेतावर सारखाच पडला, तरी तणाचें सारें बीं एकदम उगवत नाहीं. कांहीं मातींत निजून राहतें. म्हणून एका खुरपणीनें शेत स्वच्छ होत नाहीं.

सूक्ष्म जंतूंचेंही असेंच आहे. १९४४ सालीं डब्लिनच्या जोसेफ बिगर यांना आढळलें, कीं पेनिसिलिननें जंतू मरतात, पण दहा लाखांत एखादा उरतो. आणि त्याची संतति पुन्हां त्याच औषधानें मरते. मग तो वांचला कसा? सबंध नळीचें मापन केवळ सरासरी सांगतें. एकेका पेशीचें वर्तन तींत बुडून जातें. २००४ सालीं नताली बालाबान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अरुंद पन्हळींत जंतू ठेवून एकेकाची वाढ सूक्ष्मदर्शकाखालीं मोजली. वांचलेले जंतू औषध येण्यापूर्वींच जवळजवळ निजलेले होते! पेनिसिलिनच्या जातीचें औषध वाढत्या जंतूची भिंत बिघडवतें; जो वाढतच नाहीं त्याचें तें काय बिघडवणार?

ताप उतरला म्हणजे बहुतेक जंतू मेले असतील; सारेच मेले असें नव्हे. म्हणून डॉक्टरांनीं नेमून दिलेलें औषध आपल्या मनानें मध्येंच सोडूं नये.