परक्या हातांतील वार्धक्य
(हॅनोव्हर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मुलांच्या शिक्षणाविषयी, नोकऱ्यांविषयी आणि मायदेशातील चळवळीविषयी बोलत आलो आहोत. आपल्या वार्धक्याविषयी मात्र कधी बोललो नाही. आपण येथे तरुणपणी आलो. आज आपल्यातील पहिली पिढी काठी घेऊन या सभागृहात बसली आहे, मुले म्युनिकला नाहीतर टोरोंटोला आहेत आणि घरी रात्री पाणी देणारे कोणी नाही. म्हणून आज फ्लेगेहाइमविषयी, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहाविषयी, उघडपणे बोलण्याचे आम्ही ठरविले आहे.

मराठीत ‘वृद्धाश्रम’ हा शब्द उच्चारताच मुलांच्या कृतघ्नतेचा वास येतो. परंतु ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, ज्याची स्मृती गेली आहे, त्याची काळजी नोकरी करणाऱ्या दोन माणसांच्या घरात चोवीस तास घेता येतेच असे नाही. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. खरा प्रश्न तेथे आपल्या माणसाला कसे वागविले जाईल हा आहे.

आपल्यासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ज्या समाजव्यवस्थेने आपल्या पूर्वजांचा स्पर्श विटाळ मानला आणि दुसऱ्याची घाण काढण्याचे काम मात्र त्यांच्याच माथी मारले, त्या व्यवस्थेतून आपण आलो. येथे दुसऱ्याचे शरीर धुणे, जखम बांधणे, भरविणे हा तीन वर्षांच्या रीतसर शिक्षणाचा व्यवसाय आहे. तथागतांनी अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातील कथा आपण मुलांना सांगतो. तरीही आपल्याच घरातील मुलगी इस्पितळात परिचारिका झाली तर आपण पेढे वाटतो आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहात गेली तर सांगताना आवाज खाली येतो. हे बरे नव्हे.

आता व्यवस्थेकडे वळू. या देशात शुश्रूषा विमा 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला आणि शुश्रूषागृहातील निवासासाठी त्याचा लाभ 1 जुलै 1996 पासून मिळू लागला. 2017 पासून परावलंबनाच्या तीनऐवजी पाच श्रेणी आहेत. विमा सर्व खर्च उचलत नाही. 2025 मध्ये पहिल्या वर्षी निवाऱ्याला स्वतःच्या खिशातून महिन्याला सरासरी सुमारे 3000 युरो द्यावे लागत होते. निवृत्तिवेतन पुरले नाही तर समाजकल्याण खाते मदत करते. ‘मुलांचे घर विकावे लागेल’ ही भीती आपल्यात फार पसरली आहे. 1 जानेवारी 2020 पासून ज्या अपत्याचे वार्षिक ढोबळ उत्पन्न 1,00,000 युरोपेक्षा अधिक आहे, त्याच्याकडूनच आईवडिलांसाठी वाटा मागता येतो. ही गोष्ट घरोघरी सांगावी.

दर्जाची तपासणी विमा संस्थांच्या वतीने वैद्यकीय सेवा मंडळ करते आणि वसतिगृह देखरेख खाते, म्हणजे हाइमाउफ्झिश्त, वेगळी नजर ठेवते. 2009 मध्ये शाळेप्रमाणे गुण देण्याची पद्धत आली. परिणाम असा झाला की जवळजवळ सगळीच गृहे ‘अत्युत्तम’ ठरली! शुश्रूषेतील उणीव भोजनपत्रिकेच्या सुवाच्य अक्षरांनी भरून काढता येत असे, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. 2019 च्या अखेरीपासून नवी पद्धत आहे. प्रत्येक गृह दर सहा महिन्यांनी निवाऱ्यांविषयी माहिती देते: अंथरुणात पडून किती जणांना जखमा झाल्या, किती जणांचे वजन घटले, पडून कितींना गंभीर इजा झाली, किती जणांना पट्ट्याने बांधले. शिवाय तपासनीस नऊ निवाऱ्यांना प्रत्यक्ष पाहतात. हे अहवाल सर्वांना वाचता येतात. गृह निवडण्यापूर्वी ते वाचावेत. परंतु केवळ त्यांच्यावर विसंबू नये. दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा रविवारी संध्याकाळी, माणसे कमी असताना, स्वतः जाऊन यावे. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे काय? घंटी वाजल्यावर किती वेळाने कोणी येते? भरविणारी व्यक्ती बसून भरविते की उभ्याने?

पट्ट्याविषयी थोडे अधिक सांगतो. म्हातारा माणूस पडू नये म्हणून पलंगाचे कठडे लावणे आपल्याला मायेचे वाटते. येथील कायद्याच्या दृष्टीने मात्र जो स्वतः संमती देऊ शकत नाही, त्याला नियमितपणे कठड्यांनी वा पट्ट्याने अडकविणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य हिरावणे होय. त्याला न्यायालयाची मान्यता लागते. गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे 2007 मध्ये सुरू झालेल्या प्रयत्नाने दाखविले की खाली करता येणारा पलंग, मऊ गादी आणि थोडी अधिक देखरेख यांनी पुष्कळदा बांधण्याची गरजच उरत नाही. कोणी आपल्यासमोर सहीसाठी असा कागद ठेवला तर आधी विचारावे, दुसरे काय करून पाहिले?

कागदोपत्री व्यवस्था चांगली असूनही अनर्थ होतात. आपल्याच राज्यात, ओल्डेनबुर्ग आणि डेल्मेनहोर्स्ट येथील इस्पितळांत एका परिचारकाने रुग्णांचे प्राण घेतले. 2019 मध्ये त्याला 85 खुनांबद्दल दोषी ठरविण्यात आले. सहकाऱ्यांत कुजबूज होती, पहिल्या इस्पितळाने तर त्याला चांगले प्रशस्तिपत्र देऊन निरोप दिला. 2020 च्या वसंतात वोल्फ्सबुर्गच्या एका शुश्रूषागृहात करोनाने चाळीसहून अधिक वृद्ध गेले. दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत. पण बोलू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने बोलणारे कोणीतरी हवे, हे दोन्हींतून कळते.

बोलण्याचा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत बिकट आहे. स्मृतिभ्रंशात माणूस पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी विसरतो. तीस वर्षे कारखान्यात जर्मन बोललेला गृहस्थ एके दिवशी फक्त वऱ्हाडीत बोलू लागतो. त्याचे ‘दुखून राह्यलं’ कोणाला कळत नाही. तो हात झटकतो, ओरडतो. नोंदवहीत ‘आक्रमक’ असा शेरा पडतो आणि झोपेची गोळी सुरू होते. 2005 च्या जर्मन हक्कसनदेत शुश्रूषेखालील व्यक्तीच्या धर्म-संस्कृतीचा मान राखण्याचे कलम आहे. पण वऱ्हाडी जाणणारी परिचारिका त्या कलमातून निर्माण होत नाही. याच शहरातील मिटेलफेल्ड भागात व्हिएतनामी बौद्धांनी वियेन जाक विहार उभारले. ते निर्वासित म्हणून आले होते. त्यांची संख्या आपल्याहून कितीतरी मोठी, तरी त्यांच्या वृद्धांचाही प्रश्न हाच आहे. त्यांच्याशी बोलण्यासारखे आहे.

मुखत्यारपत्राचेही तातडीने पाहावे. मुलगा वा मुलगी आपोआप आपल्या वतीने निर्णय घेऊ शकत नाही. पतिपत्नींना 2023 पासून मिळालेला अधिकार केवळ आरोग्याच्या बाबतीत आणि फक्त सहा महिन्यांपुरता आहे. पत्र नसेल तर न्यायालय पालक नेमते आणि तो अनोळखीही असू शकतो.

आणि मायदेशी राहिलेले आपले आईवडील? 2007 च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद केली, पण ‘राज्याने उभारावेतच’ असे न म्हणता ‘उभारता येतील’ असे म्हटले. नागपूरला वा औरंगाबादेला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एखाद्या खासगी गृहात आईला ठेवताना येथल्यासारखा अहवाल हाती येईल असे समजू नये. तेथे शेजारी, भाचा, विहारातील उपासिका, जो कोणी अवचित जाऊन डोकावेल तोच आपला तपासनीस.

मंडळाने एक छोटे काम हाती घेतले आहे. शुश्रूषागृहाला देण्यासाठी एक पानी माहितीपत्र करीत आहोत: माणसाने आयुष्यभर काय काम केले, काय खाल्ले, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, घरात बाबासाहेबांचे छायाचित्र कोठे असे. मागच्या बाजूस पंचवीस मराठी शब्द, त्यांचे जर्मन उच्चारलेखन आणि अर्थ असतील: पाणी, दुखतंय, थंडी, लघवी, भीती वाटते. प्रत्येक घरची बोली निराळी आहे, म्हणून कोरे कागद दाराजवळ ठेवले आहेत. आपल्या आईच्या तोंडचे शब्द आज जाण्यापूर्वी त्यांवर लिहून द्यावेत.

जयभीम.