कचरा गावकुसाबाहेरच का जातो?

(जागतिक पर्यावरण दिनानिमित्त एका विद्यार्थी अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



५ जूनला काय काय होतं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. रोपं लावतात, कापडी पिशव्या वाटतात, निबंध स्पर्धा होते. निबंधाची सुरुवातही ठरलेली असते: प्रदूषण ही सगळ्या मानवजातीपुढची समस्या आहे आणि तिला आपण सगळे जबाबदार आहोत. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. शहराचा कचरा आणि त्यावर जगणारी माणसं हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे त्या वाक्यातल्या 'आपण सगळे'पाशी मी अडते. कचरा करणारे वेगळे, तो उचलणारे वेगळे आणि त्याच्या धुरात झोपणारे वेगळे. यांच्यामध्ये जी रेष आहे, ती बरीचशी जातीची आहे. ती रेष आहे तशी ठेवून प्रदूषण कमी होणार नाही, एवढंच मला आज मांडायचं आहे.

शब्दापासून सुरुवात करू. नदीत रसायन मिसळलं की इंग्रजीत त्याला 'पोल्यूशन' म्हणतात. अस्पृश्याच्या सावलीने सवर्ण बाटला, तर समाजशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात त्यालाही 'पोल्यूशन'च म्हणतात. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत: प्रदूषण आणि विटाळ. शब्द दोन असल्यामुळे वाटतं की एक विज्ञानाचा विषय आणि दुसरा जुन्या काळातला. व्यवहारात मात्र दोन्ही एकाच घरात नांदतात.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. त्या तळ्यावर जनावरं पाणी प्यायची, त्याने तळं बाटत नव्हतं. आपली माणसं प्यायली तेव्हा बाटलं. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. आजच्या प्रयोगशाळेत त्या पाण्याचे दोन नमुने दिले, एक ओंजळीने पाणी प्यायल्यानंतरचा आणि एक घडे ओतल्यानंतरचा, तर दूषित कोणता निघेल? विटाळाच्या कल्पनेने खरंखुरं पाणी घाण केलं, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

मुंबईच्या देवनार डम्पिंग ग्राउंडची सुरुवातही १९२७ चीच सांगितली जाते. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोन्हींमागचा नियम एकच आहे: घाण ठरवायची कोणी आणि ठेवायची कोणाच्या दारात.

आपल्या जुन्या गावाची रचना आठवा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत महारवाडा, मांगवाडा गावाच्या पूर्वेला असतो. वारा वर्षातला बराच काळ पश्चिमेकडून वाहतो. वस्तीवरून आलेला वारा गावाला लागू नये, असा त्यामागचा हिशोब जुनी माणसं सांगतात. नदीवरही तेच. वरच्या अंगाचा पाणवठा सवर्णांचा, खालच्या अंगाचा आपला. म्हणजे वारा कुठून कुठे वाहतो, पाणी कुठून कुठे जातं, हे गावगाड्याला नीट ठाऊक होतं. ते ज्ञान घाण कमी करण्यासाठी वापरलं गेलं नाही. घाण कोणाकडे जावी, हे ठरवण्यासाठी वापरलं गेलं.

आता मुंबईचा नकाशा उघडा. देवनारचं डम्पिंग शहराच्या पूर्व कडेला, ठाणे खाडीला लागून आहे. वॉर्डाचं नावच एम-पूर्व. भोवती शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर. इथे राहणारे बहुतेक दलित, मुसलमान आणि दुष्काळाने गाव सोडून आलेले लोक. यातले अनेक जण शहराच्या दुसऱ्या भागांतून उठवून इथे आणले गेले. जवळच्याच चीता कॅम्पचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये जनता कॉलनी पाडून तिथल्या लोकांना या दलदलीत आणून सोडलं. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व हा वॉर्ड सगळ्यात तळाला होता. आता मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, पण देवनारचे जुने डोंगर जिथल्या तिथे आहेत.

डोंगर नुसता दिसायला वाईट म्हणून त्रास देतो असं नाही. ओला आणि सुका कचरा एकत्र दाबला गेला की आतला ओला कचरा हवेशिवाय कुजतो आणि मेथेन तयार होतो. हा वायू पेट घेतो. आत प्लास्टिक, रबर, कपडा असतो, तोही जळतो, आणि आग दिवसेंदिवस धुमसत राहते. पावसाळ्यात याच ढिगातून काळं पाणी झिरपतं आणि जमिनीत, खाडीत उतरतं. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनार पेटलं, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्यांवर देवनार होतं, कारण धूर वस्तीच्या पलीकडे गेला होता. रोजच्या लहान आगींची बातमी होत नाही.

ही एकट्या मुंबईची गोष्ट नाही. दिल्लीत सप्टेंबर २०१७ मध्ये गाझीपूरच्या ढिगाचा कडा कोसळून दोन जीव गेले. एप्रिल २०२२ मध्ये भलस्वा कित्येक दिवस जळत होतं. तिथेही डोंगराच्या पायथ्याशी कचरा वेचणाऱ्यांच्याच वस्त्या आहेत.

इथे कोणी म्हणेल, हवेला जात नसते, ती सगळ्यांच्याच नाकात जाते. खरं आहे, हवेला जात नसते. पण खिडकीला असते. एका घरात हवा शुद्ध करणारं यंत्र चालतं, नळाला फिल्टर असतो, मूल खोकलं की खासगी दवाखाना असतो. दुसऱ्या घराची खिडकी डम्पिंगच्या भिंतीवर उघडते. हवा मोजणारं यंत्र धूलिकण मोजतं. ते धूलिकण कोणाच्या फुफ्फुसात जातात, हे कोणत्याच सरकारी तक्त्यात नसतं.

दुसरा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: घाण तर झोपडपट्टीवालेच करतात. मी क्षेत्रकार्यात उलटं पाहिलं. एका कचरावेचक मावशींच्या घरी दिवसभराचा स्वतःचा कचरा एका लहान पिशवीत मावत होता. दुधाची पिशवी धुऊन विकायला ठेवलेली, उरलेली भाकरी शेजारच्या बकरीला. त्याच मावशी रोज वीस-पंचवीस किलो प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा वेचून भंगारवाल्याकडे पोचवत होत्या. हातात मोजे नाहीत, बोटांवर काचेचे व्रण, आणि सुया लागू नयेत म्हणून सॅनिटरी पॅड व डायपरच्या पुड्या त्या पायाने बाजूला सारायच्या. पर्यावरण वाचवणारं इतकं काम शहरात दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. पण तिला पर्यावरणवादी कोणी म्हणत नाही, कचरेवाली म्हणतात. कचरा करणाऱ्याला मात्र 'कचरेवाला' हा शब्द लागत नाही.

गटारात उतरणाऱ्यांचं चित्र तर सरकारनेच काढलं आहे. 'नमस्ते' योजनेखाली गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक कामगारांची नोंद झाली. २०२४ च्या अखेरीस संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार त्यांतले सुमारे ६८ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर ९२ टक्के. २०१३ चा कायदा आहे. गटारात मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तरीही माणूस आत उतरवला जातो, कारण तो उतरेल याची समाजाला खात्री आहे.

आता मी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. इतके दिवस घाण आपल्याकडे आणली जात होती. आता आपल्यालाच घाणीकडे नेलं जातं. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या आणि हजारो कुटुंबांना माहुलला पाठवलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवलं होतं. लोक लढले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कोणाला तिथे पाठवू नका, ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडं द्या, असं सांगितलं. एवढं होऊनही धारावीच्या पुनर्विकासासाठी देवनार डम्पिंगची शंभराहून अधिक एकर जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. धारावीत चामड्याचं काम करणारी, मातीकाम करणारी, भंगार वेगळं करणारी माणसं आहेत. ज्यांनी शहराचं भंगार निवडलं, त्यांचं घर कचऱ्याच्या डोंगराच्या जागी. याला पुनर्वसन म्हणायचं की नवं गावकूस?

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी आहेत.

पहिली: कचरा जिथे होतो तिथेच जिरवायचा. ओला कचरा वेगळा ठेवला आणि सोसायटीत, बाजारात, वॉर्डातच त्याचं खत केलं, तर मेथेन आणि काळं पाणी यांचं मूळच तुटतं. २०१६ च्या नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केलं. मुंबईत रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी तो आवारातच जिरवावा, असंही पालिकेने २०१७ मध्ये सांगितलं. तंत्र अवघड नाही. अडतं ते स्वतःच्या उष्ट्याला हात लावण्यापाशी. तिथे विटाळ आडवा येतो.

दुसरी: कचरावेचकांना व्यवस्थेच्या आत घ्या, पण मालक म्हणून. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून ती पालिकेबरोबर घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. यातल्या बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्यांना ओळखपत्र आणि ठरलेली फी मिळाली. पण त्याच पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला, हेही विसरू नका. माणसांना मान दिला तरी घाण शेजारच्या गावाला पाठवण्याची सवय आपोआप सुटत नाही.

तिसरी: जो कचरा करतो त्याच्यावर भार टाका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय लागेपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका, असा आदेश दिला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शिथिल केला. पण त्या मधल्या काळात बिल्डर लोकांनाही कचरा ही आपली अडचण वाटू लागली होती. हेच सूत्र आहे. झळ पाठवणाऱ्याला बसली की उपाय सुचतात.

चौथी: मोजा. प्रत्येक डम्पिंग, भट्टी, सांडपाणी केंद्राभोवती कोण राहतं, त्यांची जात काय, आजार कोणते, याची सरकारने नोंद ठेवावी. हे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी आजच सुरू करता येतं. प्रबंधाचे विषय तिथे पडलेले आहेत.

आणि एक सावधगिरी. 'डम्पिंग हटवा' ही आपली मागणी रास्त आहे. पण पुढचं वाक्य त्याच दमात विचारा: हटवून कुठे? दुसऱ्या एखाद्या आदिवासी पाड्यापाशी, दुसऱ्या एखाद्या बौद्धवाड्यापाशी जाणार असेल, तर ते प्रदूषण कमी झालेलं नाही, त्याचा पत्ता बदलला आहे. गावगाड्याने हेच केलं. आपण ते करायचं नाही.

बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी घेतलं ते आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करण्यासाठी. स्वच्छ हवेची, स्वच्छ पाण्याची मागणी त्याच सत्याग्रहाचा पुढचा भाग आहे. तुमच्या वॉर्डात पुढच्या वेळी स्वच्छता अभियान निघेल, तेव्हा झाडू घेऊन फोटोत उभं राहण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही गाडी भरून कुठे जाते आणि तिथे कोण राहतं?

जय भीम, जय सावित्री.