एका आठवड्याची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘काही तरी उपयोगाचे बोला’ अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. म्हणून गेल्या दिवाळीआधी घनसावंगी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहा दिवस जाऊन बसले, त्याची हकीकत सांगते. वर्ग दुसरीचा. मी स्वतः मास्तरीणच. पण मागे भिंतीला टेकून दुसरीचा वर्ग पाहण्यात जी मौज आहे ती शिकवताना मिळत नाही!

सोमवारी बाईंनी पुस्तक काढूच दिले नाही. मुले आवारात सुटली आणि ओंजळी भरून पाला घेऊन आली. लिंब, बाभूळ, पिंपळ, शेजारच्या मळ्यातली मोसंबी. मग भांडण जुंपले. बारीक पानांचा ढीग वेगळा की कडू पानांचा? बाई मधे पडल्या नाहीत. अखेर पोरांनीच ठरवले, एकदा आकाराने लावू, एकदा वासाने. मोसंबीचे पान चुरगळले की डोळे मिटूनही ओळखू येते. (जालन्याच्या मोसंबीला सरकारचे भौगोलिक मानांकन आहे; या पोरांनी ते केव्हाच देऊन टाकले होते.)

मंगळवार मात्र माझ्या मनात घर करून राहिला. तुराट्यांच्या बोटभर काड्या, दहा-दहांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. त्रेचाळिसांतून सत्तावीस काढायचे होते. एक चिमुरडी उठली. तिच्यापुढे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. तीनातून सात जाईनात. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, गठ्ठा सोडावा लागंल.” सोडला, मोजले, सोळा उरले. आपण सगळ्याजणी ‘शेजाऱ्याकडून उसने घे’ असे घोकत वजाबाकी शिकलो. हा शेजारी कोण आणि तो दहाच का देतो, हे आपल्याला कुणी दाखवले होते का? त्या मुलीने तो शेजारी हातात धरला होता.

बुधवारी पावलांनी वर्गाची लांबी मोजली. प्रत्येकाचे उत्तर निराळे आले, तेव्हा मीटरची पट्टी कशाला लागते ते न सांगताच उमगले. गुरुवारी गावातली एक आजी आली. तिने 1972 च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, तांबडी मिलो ज्वारी खायची. फळ्यावर ‘खडी’, ‘सुकडी’, ‘मिलो’ हे शब्द चढले आणि मुलांनी ते वहीत उतरवले. आजीला अक्षर येत नव्हते. आपण बोललेले फळ्यावर कसे दिसते, ते ती पदराने चष्मा पुसून पाहत होती. शुक्रवारी कागदाच्या नोटांचे दुकान मांडले होते, आणि शनिवार तर दप्तराविनाच. 2024 पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे, हे आपल्या नातवंडांकडून तुम्हाला कळलेच असेल.

हे सारे नवे आहे असे कुणी समजू नये. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला तो याच विचाराने. पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला त्यांच्याकडून मिळाला.

त्यांची आठवण मी उगीच काढली नाही. गठ्ठा सोडणारी ती मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची होती. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी किती बिऱ्हाडे जातात ते तुम्ही डोळ्यांनी पाहता. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. पोर मागे कुणाजवळ ठेवायचे? फडावर धाकट्याला सांभाळायलाही तीच लागते. मार्च-एप्रिलात परत येईल तेव्हा वर्ग पुढे गेलेला असेल आणि तिच्या हातातला शेजारी सुटलेला असेल. आईबापांना दोष देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. उचल फेडायची असते.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मुले आपल्याच गावी राहतात, जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. परंतु आई मूल ठेवून जाते ती सरकारी कागदावर विसंबून नव्हे. संध्याकाळी पोरीची वेणी कोण घालील, ताप आला तर कोण बसेल, एवढेच ती विचारते. आजी असली तरी ती थकलेली. इथे आपले काम आहे. 2022 पासून शाळाशाळांतून माता पालक गट झाले आहेत. त्यांतल्या आयांना बरोबर घेऊन प्रत्येकीने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. शिकवता आले पाहिजे असे नाही. काड्यांचे गठ्ठे बांधावेत, गोष्ट सांगावी, भाकरी कशी थापतात ते मोजत-मोजत दाखवावे.

वर्धापनदिनाला वह्यावाटप करायचे असे कार्यकारिणीत चालले आहे. वह्या खुशाल वाटा. पण दसऱ्याच्या आत, टोळ्या निघण्यापूर्वी, ज्या घरांतून कोयता जाणार त्या घरी दोघी-दोघींनी जाऊन आईशी बोलावे, अशी माझी विनंती आहे. नावे लिहायची वही चिटणीसबाईंजवळ ठेवली आहे. पहिले नाव माझे आहे, बुधवारच्या संध्याकाळसाठी.