उद्घाटनानंतरची अभियांत्रिकी



 जगाच्या शाश्वत विकासात अभियांत्रिकीने पुढे काय करायचे, हा या अधिवेशनाचा विषय. सौरऊर्जा, हरित हायड्रोजन, विजेवरची वाहने यांवर पुढच्या सत्रांत जाणकार बोलणारच आहेत. मी हातपंपावर बोलणार आहे.

परदेशी धर्तीचे बिडाचे हातपंप आपल्याकडे आले, ते एका कुटुंबापुरते बनवलेले होते. दुष्काळी गावात त्याच पंपावर दिवसभर रांग. खिळी झिजत, दांडे तुटत, आणि एकदा मोडलेला पंप मोडलेलाच राही. यावरचा उपाय जालना आणि सोलापूर इथल्या मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत आकाराला आला. बिडाऐवजी पोलादी पत्र्याचे जोडकाम, दांड्याच्या कण्याला बेअरिंग, दांडा आणि पंपाची कांब यांच्यामध्ये साखळी. सोलापूरच्या त्या पंपावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि भारताबाहेर आफ्रिकेतही पोचला. महाराष्ट्राच्या मातीतले हे काम आपल्याच अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

तरी एक अडचण उरलीच. कूपनलिकेत खोलवर, सिलिंडरमधल्या दट्ट्यावर बसवलेले वॉशर कालांतराने झिजते. ते बदलायचे, तर मार्क टूचे सगळे पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी माणसे हवीत, खास हत्यारे हवीत, तालुक्याहून गाडी यायला हवी. वॉशर किरकोळ किमतीचे, पण त्याच्यासाठी बाया पुन्हा लांबच्या विहिरीवर. मग ‘मार्क थ्री’ आला. त्यात आतला पाइप ३२ ऐवजी ६५ मिलिमीटरचा केला. एवढ्याने दट्ट्या पाइपातूनच वर काढता येऊ लागला आणि गावातली दोन माणसे दुरुस्ती करू लागली. रुंद पाइपाचा खर्च जास्त. पण कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न आराखड्याच्या कागदावर आधीच सोडवलेला होता. माझ्या मते ही उच्च दर्जाची अभियांत्रिकी आहे, आणि पुढच्या काळात आपल्याला हीच जास्त लागणार आहे.

कारण पंप चालतो आहे, म्हणजे काम झाले, असेही नसते. बांगलादेशात खेडोपाडी लोक तळ्याचे पाणी पीत, पटकी-हगवणीने मुले दगावत. १९७० च्या दशकात सरकार आणि युनिसेफने उथळ कूपनलिका बसवायला सुरुवात केली. लोकांना त्या पटल्या, पुढे त्यांनी स्वखर्चाने लाखोंनी बसवून घेतल्या. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे निष्पन्न झाले. नद्यांनी हिमालयातून आणलेल्या गाळात ते लोहाच्या संयुगांना चिकटलेले असते; जमिनीखाली प्राणवायू संपला, की सुटून पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तळहात खरखरीत होतात, अंगावर डाग पडतात, आणि वर्षांनंतर कर्करोग. एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा, असे तिचे वर्णन जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली झाले. त्यानंतर सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. सुरक्षित पंपाला हिरवा रंग, विषारी पंपाला लाल. एका घरचा लाल, शेजारचा हिरवा. दहांतले जवळजवळ तीन लाल निघाले.

त्या कूपनलिका बसवणाऱ्यांना मी दोष देत नाही. समोर मरणाऱ्या मुलांसाठी त्यांनी हाताशी होता तो उपाय केला. पण सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालमध्ये, आर्सेनिकचे रुग्ण १९८० च्या दशकातच ओळखले गेले होते. गाळ तोच, नद्या त्याच. बसवलेल्या पंपाचे पाणी ठरावीक काळाने तपासत राहणे हे कुणाच्याच कामात मोडत नव्हते. पुढे तपासणी झाली, तरी रंग उडत गेले आणि नव्याने बसवलेले कितीतरी पंप बिनतपासणीचे राहिले.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे ठरवली, मुदत २०३० ची. जग आपल्याला किती बांधले ते विचारते. किती चालू आहे, हे फारसे विचारत नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही वेळी साधारण चारातला एक हातपंप बंद असतो, असे अंदाज आहेत. आपल्याकडे २०१९ पासून जलजीवन मिशनमधून घरोघरी नळ येत आहेत. पाणीतपासणीसाठी प्रत्येक गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. ही तरतूद मला नळाइतकीच मोलाची वाटते. त्या महिलांना तपासणीचे संच वेळेवर मिळतात का, त्यांनी नोंदवलेल्या आकड्यावर कुणी हालचाल करते का, हे पाहणे अभियंत्याचे काम आहे. ते कमी प्रतीचे काम समजण्याची आपली सवय मोडली पाहिजे.

म्हणून या अधिवेशनाने दोन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. पाण्याच्या कोणत्याही योजनेच्या अंदाजपत्रकात निदान दहा वर्षांच्या तपासणीची आणि दुरुस्तीची रक्कम स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. ती नसेल, तर आपल्यापैकी कुणी त्यावर सही करू नये. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांना एक बंद पडलेली योजना द्यावी आणि ती चालू करून दाखवायला सांगावे.

या ठरावांना आपण पाठिंबा द्यावा.