काटा आणि टेप

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या ऑफिसांत आपल्याही मुली भेटतात. दिवसभर खुर्ची, वेळी-अवेळी जेवण, आणि वर समाधान असं की ‘माझं वजन काही जास्त नाही.’ या समाधानाबद्दलच मला बोलायचं आहे.

वजन जास्त की नाही, हे बहुधा बीएमआयवरून ठरवतात: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की तो येतो. हे सूत्र बेल्जियमच्या केतले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. हृदयविकार त्यांच्या डोक्यातही नव्हता. 2004 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या 21.2! काट्याला हे कळत नाही. त्यातही पोटातल्या अवयवांभोवती साठणारी चरबी वाईट. तिच्यामुळे यकृतात मेद जातो, इन्सुलिनचा प्रभाव घटतो, रक्तदाब चढतो.

त्याच वर्षी 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर-नितंब गुणोत्तराचं नातं घट्ट निघालं.

कोलकात्याला मापं नवी नाहीत. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1922 सालीच इथल्या अँग्लो-इंडियनांच्या उंचीवर लेख लिहिला. अर्थात पुरुषांच्या! हृदयविकाराचं संशोधनही बराच काळ पुरुषांभोवतीच फिरलं. शिवाय पुढच्या दहा वर्षांचा धोका सांगणाऱ्या सूत्रांत वयाला इतकं वजन, की पंचविशीतली मुलगी बहुधा सुरक्षितच ठरते.

म्हणून शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मापा. पोट आत ओढू नका. तिथे कुणी बघत नाही. जीन्सचा नंबरही धरू नका, ती खाली बसते. भारतीय स्त्रीसाठी मर्यादा 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पण उंची पाच फूट असेल तर ‘उंचीच्या निम्म्याहून कमी’ हा हिशोब तीस इंचांवरच थांबवतो. मला हा दुसरा हिशोब जास्त पटतो.

माप वाढलं म्हणजे आजार झाला असं नव्हे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यायचं. गरोदरपणात हे माप लागू नाही. मात्र तेव्हा साखर किंवा रक्तदाब वाढला असेल, तर पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ते आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.