सपाट नकाशा आणि विमानाची वाट



वर्गातील जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टी लावून जोडले, तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. हाच जवळचा मार्ग, असे मुलांच्या मनावर सहज ठसते. परंतु आज खेड्यातील मुलाचाही मामा वा चुलता परदेशी असतो, आणि त्याच्या विमानाची वाट मुलाने मोबाइलवर पाहिलेली असते. मग ते विचारते, “गुरुजी, विमान बर्फाच्या मुलखाकडे का वळले?” या प्रश्नाला “पुढे कळेल” असे उत्तर मिळाले, तर मूल पुन्हा विचारीत नाही. भूगोलाची एवढी हानी अवघड पाठ्यपुस्तकानेही होत नाही.

याचे उत्तर पृथ्वीगोलावर आहे. (पुष्कळ शाळांत तो मोडेल या भयाने कपाटात कुलूपबंद असतो. मुलांच्या हातून थोडा झिजलेला पृथ्वीगोल अधिक उपयोगी!) मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे न्यूयॉर्कपर्यंत ताणावे. ताणलेला दोरा आपण होऊन तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक या बाजूने जातो. या वाटेला बृहद्वृत्ताचा भाग म्हणतात. तिची लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर भरते. नकाशावरील सरळ रेघेने, म्हणजे दिशा न बदलता गेल्यास, सुमारे १४,२०० किलोमीटर जावे लागेल.

पृथ्वीगोल नसेल, तर साधा चेंडू किंवा वाटोळा भोपळा घ्यावा. त्याच्या घेराला ४०,००० किलोमीटर मानावे, कारण पृथ्वीचा परीघ जवळजवळ तेवढाच आहे. दोन शहरांच्या जागा अक्षांश-रेखांशांनुसार ठरवून दोरा ताणला, की तो घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी भरेल. अंतर काढण्यास एवढे त्रैराशिक पुरे. येथे गणिताचा तासही आपोआप साधतो. नकाशा खोटा का पडतो, हे संत्र्याची साल पाटावर सपाट पसरावयास सांगितले की मुलांना दिसते. ती फाटते, नाहीतर ताणावी लागते. नकाशात उत्तरेकडील मुलूख असाच ताणलेला असतो.

मात्र दोऱ्याचे अंतर हेच विमानाचे अंतर, असे सांगू नये. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. वाऱ्याचेही तसेच आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे दोऱ्याने सुमारे १२,४०० किलोमीटर भरते आणि दोरा आर्क्टिक महासागरावरून जातो. २०१५ मध्ये एअर इंडियाने ही सेवा अटलांटिकवरून सुरू केली. २०१६ च्या ऑक्टोबरात तेच विमान पूर्वेस, पॅसिफिकवरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे पहिलीपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर लांब होती. तरी प्रवास साडेचौदा तासांत, सुमारे दोन तास आधी संपला. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा पाठीशी होता. मुलांकडून हे दोन्ही मार्ग दोन रंगांच्या दोऱ्यांनी लावून घ्यावेत, आणि लांब दोऱ्याचे विमान आधी कसे पोहोचले, याचे कारण प्रथम त्यांनाच विचारावे.